दुप्पट टाकी

दादाला कागद चालत नाही. त्याच्याकडे बाबांची खाचा पाडलेली काठी आहे आणि वेल्डिंगच्या कामाचं प्रत्येक माप त्याच काठीने निघतं. दहा वर्षांपूर्वी त्याने कपडे धुण्याच्या कारखान्याला चार लोखंडी पायांवर पाण्याची टाकी उभी करून दिली. भरली की कुरकुरायची, पण टिकली. यंदा मोठी टाकी हवी झाली, तर या शहाण्याने लांबी, रुंदी, उंची, पायांची जाडी, सगळं दुप्पट केलं.

ती पहिल्यांदा भरणार म्हणून मी बघायला गेले. मी शाळेत गणित शिकवते. पंप चालू होता. टाकी बघताच मी मनात गुणाकार केला.

दादा काठी शेजारी ठेवून टाकीखाली बसून बोल्ट आवळत होता.

"दादा, बाहेर ये! पाणी आठपट झालंय!"

"दुप्पट म्हण. मास्तरीण झालीस आणि पाढे विसरलीस?"

"बे दुणे चार, चार दुणे आठ! टाकी तिन्ही बाजूंनी वाढवलीस. पाय जाडीला दोनच बाजूंनी वाढले, त्यांची ताकद फक्त चौपट!"

"बाबांची काठी कधी चुकली नाही."

"काठीला लांबी कळते रे, वजन नाही!"

माझा आवाज ऐकून फोरमन पंप बंद करायला धावला. पण टाकी काठोकाठ आली होती. तिचा उजवीकडचा एक पाय कर्रकन वाजला. दादाने वर पाहिलं आणि पान्याने बोल्टला आणखी एक फेरा दिला.

माझं डोकंच फिरलं. मी धावत टाकीखाली शिरले आणि त्याच्या शेजारी फतकल मारून बसले.

"ऊठ! वेडी झालीस का?"

"तू उठलास की उठते."

त्याचा चेहरा पांढराफटक पडला. पाना टाकून त्याने माझं कोपर धरलं आणि शिव्या घालत मला फरफटत ओढलं. आम्ही भिंतीशी पोचलो आणि टाकीचा तोच पाय वाकला. आम्ही बसलो होतो तिथेच टाकी कोसळली. पाणी गुडघ्यांपर्यंत आलं.

मला रडू येत होतं आणि त्याला दोन थोबाडीत द्याव्याशाही वाटत होत्या.

"काठी खालीच राहिली," मी म्हटलं.

त्याने तिकडे पाहिलंही नाही. "आठपट?"

"आठपट."

"पुढचं माप तू काढ. कागदावर," तो म्हणाला. माझं कोपर त्याने अजून सोडलं नव्हतं.