वरून आलेला हात

पिल्लांच्या घाणीची मावशींना कधी किळस आली नाही. तान्ह्या पोरांची दुपटी बदलता बदलता प्रसूतिगृहात जिचे केस पिकले, तिला कोंबडीच्या पिल्लाच्या शीचं काय कौतुक? पिल्लाचं बूड शी वाळून बंद झालं की ते दोन दिवसांत मरतं. म्हणून त्या कोमट पाण्यात कापसाचा बोळा बुडवून एकेकाचं बूड निगुतीनं पुसत. त्यांना किळस यायची ती मालकाची.

मालकाचा धंदा मुलांच्या वाढदिवसांचा. फुगे, विदूषक, आणि एका टेबलावर पिल्लांचं खोकं. पोरांनी पिल्लं हातात घ्यायची आणि आयांनी फोटो काढायचे. नुसती पिवळी पिल्लं फोटोत उठून दिसत नाहीत, म्हणून तो त्यांच्यावर गुलाबी आणि निळा रंग फवारायचा. बोलणं असं गोड की ऐकणाऱ्याला मळमळावं. "मावशी, तुमच्या हातात जादू आहे हो," म्हणत तो त्यांचा हात हातात घ्यायचा, आणि मग आपला हात हळूच पँटला पुसायचा.

पिल्लं माणसाळवायचं काम मावशींचं. रीत त्यांची स्वतःची होती. हात कधी वरून न्यायचा नाही, कारण वरून येते ती घार, आणि एवढं शहाणपण पिल्लू अंड्यातूनच घेऊन येतं. तळवा खोक्याच्या तळाशी उताणा ठेवायचा, त्यावर चिमूटभर कणी टाकायची आणि गप्प बसायचं. पहिल्या दिवशी कोणी फिरकत नाही. दुसऱ्या दिवशी एखादं धीट पिल्लू चोच मारून पळतं. आठव्या दिवशी बाराच्या बारा हातावर चढायला बघतात, आणि पहिलं चढलेलं पाय दुमडून खुशाल डोळे मिटतं.

पहिली बारा पिल्लं अशी तयार झाली, तेव्हा हौसेनं त्या वाढदिवसाला गेल्या. नसत्या गेल्या तर बरं झालं असतं. एका पोरानं पिल्लू मुठीत दाबलं, ते मान टाकेपर्यंत. दुसऱ्यानं एकाला सरबतात पोहायला सोडलं. एक आई म्हणाली, "अरेरे, हे झोपलं वाटतं. दुसरं घे, बाळा." एकही पिल्लू पळालं नाही की कोणी चोच मारली नाही. जाताना मालक कौतुकानं म्हणाला की दाबली तरी धडपडत नाहीत, ही मावशींचीच कमाल. मावशी मोरीत जाऊन ओकल्या.

नोकरी सोडायचं त्यांच्या मनात आलं, पण त्यानं काय होणार होतं? त्यांच्या जागी दुसरी कोणी आली असती. मात्र एक गोष्ट त्यांना ठाऊक होती. मालक नवव्या दिवशी स्वतः खोक्यात हात ठेवून दहा आकडे मोजत असे, आणि जे पिल्लू जवळ येत नाही ते अंड्यांसाठी कोंबड्या पाळणाऱ्या आपल्या बहिणीकडे धाडत असे. तिथं मोकळं परस होतं, उकरायला माती होती आणि मुलं नव्हती.

पुढची बारा आली, आणि मावशींनी आयुष्यात पहिल्यांदा मुद्दाम काम बिघडवलं. दिवसातून दहादा हात वरून न्यायचा, बोटं फाकून, सावली पाडत. पिसालाही धक्का लावायचा नाही, नुसती धडकी भरवायची. पिल्लं किंचाळत कोपऱ्यात एकमेकांवर चढत, आणि मावशी स्वतःलाच शिव्या घालत हात मागे घेत.

पण त्यांतल्या एकाचं बूड रोज बंद व्हायचं. पुसताना घाबरलेलं पिल्लू धडपडलं की तिथली कातडी फाटते. त्याला खालून उचलावं लागे, छातीशी धरून कुरवाळावं लागे. तसं मरू द्यायला त्यांचं मन धजेना. नंतर घाबरवू की त्याला, असं रोज म्हणायच्या आणि रोज राहून जायचं.

नवव्या दिवशी मालकानं हात ठेवला. बाराही पिल्लं कोपऱ्यात गोळा झाली. दहा आकडे संपले, तोंडातली साखर संपली. "मावशी, हे काय हो? तुम्ही घाला बघू हात."

मावशींनी हात घातला तो वरूनच, बोटं फाकून. अकरा पिल्लं भिंतीला चिकटली. बारावं मात्र त्या सावलीखाली तुरुतुरु चालत आलं आणि त्यांच्या बोटांत शिरून बसलं.

"चला, एक तरी निघालं," मालक म्हणाला. अकरा बहिणीकडे धाडायची ठरली. त्यानं रंगाचा डबा हलवला. "धरा घट्ट. गुलाबी करू."

नाही म्हणायला मावशींनी तोंड उघडलं. नाही म्हटलं तर तो स्वतः धरणार, त्या लिबलिबीत हातांनी, आणि पिल्लू धडपडणार. म्हणून त्यांनीच धरलं. थंड फवारा अंगावर आला तसं पिल्लू दचकलं, त्यानं वर बघितलं, आणि मावशींचेच हात आहेत म्हणून ते पुन्हा पाय दुमडून बसलं.