बाबांचं गाव

आमच्या जुन्या कॉम्प्युटरला नवं विंडोज झेपेना, म्हणून नवऱ्याने त्यावर खास गेम खेळण्यासाठी बनवलेलं लिनक्स टाकलं. फुकट आणि झकास, असं तो येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवत असे. चांगलं चाललेल्या गोष्टीत बोट घातल्याशिवाय या माणसाला करमत नाही.

त्या कॉम्प्युटरवर माझे सासरे एका खेळात गाव वसवायचे. मेंदूचा झटका येऊन गेल्यावर उजव्या हाताची बोटं वळावीत म्हणून डॉक्टरांनीच तो खेळ सुचवला होता. जन्मभर गोदीत क्रेन चालवलेला माणूस, पूल बांधताना अगदी रंगून जायचे. आजकाल त्यांना वार आठवत नसे, शेजाऱ्याचं नाव आठवत नसे. गाव मात्र तोंडपाठ. जेवताना ते एकेक गल्ली सांगत, मी मान डोलवत असे. गाव आठवतंय म्हणजे डोकं जागेवर आहे, असं म्हणून मगच ते हात धुवायला उठत.

त्या रविवारी अपडेट आला आणि खेळ उघडेचना. बाबा आंघोळीला गेले होते. लिनक्सवर विंडोजचा खेळ चालवायचा, तर त्याच्यासाठी एका फोल्डरात खोटंखोटं विंडोज मांडलेलं असतं. ते उडवलं की नवं कोरं तयार होतं, असं नवऱ्याने कुठेतरी वाचलं आणि बेधडक उडवलं. खेळ उघडला. पडद्यावर नुसतं हिरवं माळरान. गावही त्याच फोल्डरात होतं, आणि त्याची दुसरी प्रत कुठेच नव्हती.

नवरा कुजबुजला की काही बोलू नकोस, आपल्याच हातून पुसलं गेलं असं त्यांना वाटेल, विसरतातच हल्ली. मला त्याची भयंकर चीड आली. त्याहून भयंकर म्हणजे, क्षणभर मला ते पटलं.

बाबा खांद्यावर टॉवेल टाकून आले, खुर्चीत बसले. माऊस इकडे फिरवला, तिकडे फिरवला. मग माऊस सोडून दिला.

"सूनबाई," ते पडद्यावरची नजर न काढता म्हणाले, "इथं गाव होतं ना गं? का मलाच उगीच वाटतंय?"

मी त्यांच्या तोंडाकडे बघत होते. मागच्या झटक्याच्या वेळी आधी ओठ वाकडा झाला होता.

"होतं, बाबा. टेकडीवर शाळा होती. पूल तुम्ही दोनदा पाडून बांधलात. तुमच्या लेकाने पुसलं ते, आत्ता."

नवरा भिंतीला टेकला. बाबांनी टॉवेल तोंडावर धरला आणि बराच वेळ तसाच धरून ठेवला. मला वाटलं, संपलं.

"म्हणजे मी नाही विसरलो," ते आतूनच म्हणाले. टॉवेल काढला तेव्हा ओठ सरळ होता, डोळे ओले होते. त्यांनी लेकाला शेजारी बसवलं. मी सांगतो, तू बांध, म्हणाले.

गावातल्या गोदीपासून सुरुवात झाली. पहिली गल्ली, मग दुसरी. नवरा मान खाली घालून रस्ते ओढत होता. तिसऱ्या गल्लीपाशी बाबा अडले. कपाळाला आठ्या घालून त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

जेवताना मी रोज नुसती मान डोलवली होती. तिसरी गल्ली कुठे वळते ते मला माहीत नव्हतं, आणि आता ते बघायला पडद्यावर काहीच नव्हतं.