पेट्यांची ओटी

“देठ येवढा लांब ठेवू नोका ना बाप्पा! बटनाएवढा कापा. लांब देठ बाजूच्या फयाले भोसकते, अन् मुंबई येपर्यंत सारी पेटी सडते!”

जानराव सकाळपासून घसा फोडून राहिला होता आणि शेडमधली माणसं हसत होती. वरूडच्या या भागात संत्रं तोडायचं म्हणजे पानासकट तोडायचं, वाळल्या तणसावर लोटायचं, गाडी भरली की झालं. यांच्या आज्यानंही तेच केलं होतं. आता सरकारला कुठून लहर आली कोण जाणे, पण संत्री बोटीत घालून समुद्रापार विकायची असं ठरलं. गावच्या सोसायटीला भागभांडवल मिळालं, टिनाची शेड उभी राहिली, आणि सातवी शिकलेला म्हणून जानरावला सहा हप्ते नागपूरला पॅकिंगच्या ट्रेनिंगला धाडलं. आला तो कागदाचं सर्टिफिकेट आणि डोकंभर नियम घेऊन. पेटीत फळ आणि कागद. तिसरं काही नाही. पान नाही, तणस नाही, मातीचा कण नाही.

“बिना तनसाचं? थंडी वाजन ना फयाले!” सोसायटीचे चेअरमन खुशालराव म्हणाले, आणि पुन्हा हशा पिकला.

जानराव हसला नाही. ही पहिली खेप पास झाली तर वर्षभराची ऑर्डर, नाहीतर योजना दुसऱ्या गावाला. ट्रेनिंगच्या साहेबानं हे त्यालाच बजावून सांगितलं होतं.

दुपारी सगळे भाकरी खायला पांगले. एकशेवीस पेट्या भरून तयार होत्या, झाकणं ठोकायची तेवढी राहिली होती. जानरावनं हातोडा उचलला आणि दारात पाहतो तर त्याची माय, गोदाबाई. पदराच्या सोग्यात काहीतरी बांधलेलं.

“काय वं माय? भाकर आनली काय?”

“नाई. गहू हायेत.”

“गहू? कायले?”

म्हातारी घुटमळली. “ओटी भरतो म्हटलं.”

“कोनाची?”

“या पेट्याईची. लेकीवानी जाऊन राहिल्या ना दूर देशी. रित्या ओटीनं कशा धाडतं?”

“माय, नियम हाये वं. फय अन् कागद. बस.”

“चिमूट चिमूट टाकतो. कोनाले दिसते?”

“नाई म्हटलं ना!”

ती भांडली असती तर बरं झालं असतं. भांडणाऱ्या माणसाला नाही म्हणता येतं. ती नुसती उभी राहिली. हा बगीचा नत्थुजीनं, म्हणजे जानरावच्या बापानं लावला, हे सारं गाव सांगतं. पण मोटेचा बैल मेला तेव्हा दोन उन्हाळे नाल्यावरून डोक्यावर घागरी आणून ती रोपटी या बाईनं जगवली, हे कोणी सांगत नाही. नत्थुजी गेला आणि वर्षभरात लेकीचं, सिंधूचं लग्न झालं.

“सिंधूची ओटी मले भरू देल्ली नाई कोनी,” गोदाबाई म्हणाली. “खुशालरावाच्या पार्बताबाईनं भरली. पोटची लेक माही, अन् मी कनगीमांगं उभी होती, चोरावानी. या झाडाईलेबी लेकरावानीच पानी पाजलं म्या. अथी आता कोनी नाई ना. भरू दे.”

आता सांगा, याचं उत्तर नागपूरच्या ट्रेनिंगमध्ये कुठं शिकवलं होतं? जानरावनं तोंड फिरवलं.

म्हातारी एकेका पेटीशी वाकली. कागद बाजूला करायचा, चिमूटभर गहू सोडायचे, पुटपुटायचं, “सुखानं ऱ्हाय वं बाई.” कुंकू तिनं आणलंच नव्हतं. कुंकवाला ती शिवत नसे. तिच्यामागून जानराव घाईघाईनं झाकणं ठोकत गेला. बाप मेल्यापासून मायचा असा फुललेला चेहरा त्यानं पाहिला नव्हता. त्याला बरं वाटत होतं, आणि तरी हातोड्यागणिक तो दाराकडं पाहत होता.

गहू मागच्या सालचे, कणगीतले. त्यांना सोंडे, म्हणजे धान्यातले किडे, लागलेले. बडनेऱ्याहून वॅगन निघाली, मुंबईपर्यंत संत्र्याची ऊब, आणि किडे आले वर. तपासणाऱ्यांनी दहा पेट्या उघडल्या, दहाही पेट्यांत तेच. माल बोटीत चढलाच नाही, तिथंच उकिरड्यावर गेला. चिठ्ठी आली : पेट्यांत धान्य व जिवंत कीड आढळली. अजून एक खेप पाठवावी. तीही नापास झाल्यास योजना बंद.

शेडमध्ये बैठक बसली.

“गहू कोनं टाकले बे?” खुशालराव गरजले.

खोटं बोलावं असं जानरावच्या मनातही आलं नाही. खरं सांगितलं की विषय मिटेल, असं वाटलं त्या भोळ्याला.

“माह्या मायनं टाकले. ओटी म्हनून. अन् मी टाकू देल्ले. चूक माही हाये. सोंडे होते त्या गव्हात.”

“थांब, थांब,” खुशालराव पुढं सरकले. “ओटी? गोदाबाईनं? रांडमुंड बाईनं ओटी भरली?”

शेडभर कुजबुज उठली.

“अहो, चिठ्ठी वाचा ना! किडे लिहिले हायेत चिठ्ठीत!”

“अरे येड्या, सरकारी कागदावर साहेब असं लिहीन काय, का विधवा बाईचा हात लागला म्हनून? त्याले जे लिहिता येते तेच लिहिते तो!”

झालं. सगळ्यांनी माना डोलावल्या. गोदाबाईनं शेडमध्ये पाय ठेवू नये असा ठराव झाला. सोसायटीचं लिहिणं-पुसणं जानरावकडं होतं, पण हा ठराव लिहायला त्यानं नकार दिला, तेव्हा खुशालरावांनी आपल्या वाकड्या अक्षरात लिहिला. सही मात्र जानरावला करावी लागली. सहीवरून तो अडून बसला असता तर दुसरी खेप अडली असती, आणि त्याच्याशिवाय कोणाला त्यातलं काही येत नव्हतं. त्या सहीची लाज त्याला पुढं कितीतरी दिवस वाटत राहिली.

घरी आला तर त्याच्या बायकोनं, सुभद्रेनं, ताट वाढून ठेवलेलं आणि म्हातारी भिंतीकडं तोंड करून बसलेली. गावानं तिला आधीच सांगून टाकलं होतं.

“माय, सोंड्यानं झालं वं ते.”

“सोंडे तं साऱ्याच्याच गव्हात असतात बाबू. माह्याच हातानं झालं.” त्या दिवसापासून तिनं बगीच्यात जाणंही सोडलं.

दुसऱ्या खेपेला जानरावनं प्रत्येक पेटी स्वतः भरली, स्वतः तपासली. निघायच्या दिवशी खुशालरावांनी सहीसाठी त्याला घरी बोलावलं, चहा पाजला, कागदामागून कागद पुढं केले. तो परत आला तर झाकणं ठोकलेली, पेट्या ट्रकवर चढलेल्या, आणि खुशालरावांची बायको पार्बताबाई चार बायांसोबत शेडमधून बाहेर येत होती. पाचींचे हात कुंकवानं लाल.

“काकू, काय केलं तुमी?”

“काय केलं म्हंजे? मांगची ओटी अपशकुनी झाली, ते दोष काढाले नोको काय? तांदूय, हयद-कुंकू, सुपारी. पाची सवाशिनीनं भरली, रीतसर.”

जानराव ट्रकसमोर आडवा झाला. “खोला! साऱ्या पेट्या खोला!”

“सवाशिनीची ओटी रिकामी करतं? अभद्रा!” खुशालरावांनी त्याला दंडाला धरून ओढलं. ड्रायव्हरनं भोंगा वाजवला आणि ट्रक निघून गेला.

घरी जाताना त्याच्या मनात एक विचार आला आणि त्याला स्वतःचीच शरम वाटली. हाही माल फेकला जाऊ दे. सहा हप्त्यांचं ट्रेनिंग, शेड, योजना, सारं गेलं खड्ड्यात. मायच्या नावाचा बट्टा तरी पुसला जाईल. पंधरा दिवस तो पोस्टमनच्या वाटेला डोळे लावून बसला.

चिठ्ठी आली. पेट्यांत धान्य आढळले, माल नाकारला, योजना बंद. जानरावनं ती शेडमध्ये खड्या आवाजात वाचली.

“आता बोला खुशालराव! या खेपेस तं पाची सवाशिनी होत्या!”

खुशालरावांनी सावकाश तंबाखू मळली, दाढेत धरली. “सरकारच हरामी हाये हे. आधी द्याचं, मंग काढून घ्याचं. त्याईचं पयलेच ठरलं होतं.”

“हाव, हाव,” लोक म्हणाले. पार्बताबाईचं नाव कोणी काढलं नाही. जो तो धोतर झटकून घरी गेला.

गोदाबाई ओट्यावर तूर पाखडत होती. “आली काय रे चिठ्ठी?”

“आली. माल फेकला.”

तिचा हात थांबला. “कोनाच्या हातानं झालं म्हनतात?”

“कोनाच्याच नाई. सरकारची चूक म्हनतात.”

म्हातारीनं सूप खाली ठेवलं.

“मंग पयल्या खेपेले,” ती म्हणाली, “सरकार नोतं काय रे, जानराव?”