बंद शाळेची बाजू

विषय फळ्यावर लिहून झाला तसे वर्गातले सगळे वळून रुमेनाकडे पाहायला लागले. ‘डोंगरातल्या लहान शाळा बंद करून तिथल्या मुलांना शहरात शिकवावं.’ प्लॉव्हदिव्हला होणाऱ्या वादविवाद स्पर्धेचा हा विषय. आणि रुमेना अशाच एका शाळेतून इथे स्मोल्यान शहरात आलेली, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

“बघ बाई,” शेजारचा कालोयान म्हणाला, “तुझ्यासाठीच काढलाय जणू. आम्ही गप्प बसतो, तूच बोल.”

“दोन्ही बाजूंनी बोलायचंय,” दोब्रेवा बाईंनी आठवण करून दिली. “सकाळी एक बाजू, दुपारी दुसरी. कोणती आधी ते चिठ्ठीवर. त्यामुळे आत्तापासून हुरळून जाऊ नका.”

रुमेनाची शाळा म्हणजे ब्रेझोव्हित्सा गावातली एक खोली, एक चूल आणि एक शिक्षक. तो शिक्षक तिचा बाप, स्तोइल. पहिल्याच दिवशी त्याने तिला सांगून ठेवलं होतं, “दाराच्या आत मी सर, दाराच्या बाहेर बाबा.” रुमेनाने ते चार वर्षं पाळलं. घरातून निघताना ‘बाबा, तुझी टोपी राहिली’ म्हणणारी पोर उंबरा ओलांडताच ‘सर, तुम्ही खडू आणलात का’ असं विचारायची. गावातल्या बायकांना त्याची फार गंमत वाटे. तिच्या वर्गात ती आणि मित्को असे दोघंच. दुसरीत असताना मित्कोचे आईबाप त्याला घेऊन स्पेनला गेले, आणि मग तिच्या वर्गात ती एकटीच राहिली. तिची चौथी संपली त्या उन्हाळ्यात शाळेला कुलूप लागलं. ते लागू नये म्हणून स्तोइलने जंग जंग पछाडलं होतं. आता तो स्मोल्यानच्या याच शाळेत इतिहास शिकवायचा. पण कुणाच्या लग्नात असो की वाढदिवसाला, दुसऱ्या पेल्यानंतर त्याचं बोलणं ब्रेझोव्हित्साच्या शाळेवर यायचंच.

त्यामुळे विषय ऐकल्यावर त्याच्या अंगात उत्साह संचारला. रोज संध्याकाळी जेवणं आटोपली की तो ताटं सारून रुमेनासमोर बसे. शाळा गेली की गाव कसं जातं, दुकान कसं बंद होतं, बर्फात बस कशी अडकते, सगळं तो तिला पढवी. आई स्वयंपाकघरातून ओरडायची, “अरे, तिला बोलायचंय की तुला?”

“पण बाबा, दुसऱ्या बाजूचंही बघायला हवं ना,” रुमेना एकदा म्हणाली.

“त्या बाजूने बोलण्यासारखं आहे तरी काय?” स्तोइल म्हणाला आणि उठून चहा करायला गेला.

ती बाजू तिने आपल्या खोलीत, दार लावून तयार केली. सुरुवातीला काही सुचेना. मग सुचायला लागलं तेव्हा थांबेना. तिचं तिलाच जरा दचकायला झालं.

शनिवारी सकाळी प्लॉव्हदिव्हमध्ये चिठ्ठी निघाली आणि पहिल्या फेरीत त्यांना शाळा वाचवायची बाजू मिळाली. रुमेना मनापासून बोलली. बोलता बोलता तिला चुलीतला धूर आठवला, गावचा रस्ता आठवला, आणि ते हरले. परीक्षक पोक्त बाई होत्या. म्हणाल्या, “मुली, तुझं त्या शाळेवर प्रेम आहे, ते दिसलं. पण समोरच्यांनी विचारलेल्या एकाही गोष्टीला तू उत्तर दिलं नाहीस. जणू त्यांना काही विचारण्याचा हक्कच नाही.”

जेवणाच्या सुट्टीत स्तोइलचा फोन आला. “चेपेलारे ओलांडलं मी. वर घाटात बर्फ होता, म्हणून उशीर झाला. दुपारची फेरी ऐकायला पोचतोच. आणि पतात्निक केलाय, गरम आहे अजून, डब्याला टॉवेल गुंडाळलाय.”

सांगायची वेळ हीच होती. दुपारी दुसरी बाजू आहे, बाबा, तू नको येऊस. 

“हळू चालव,” ती म्हणाली आणि फोन ठेवला.

दुपारी समोर बुर्गासचा संघ होता. रुमेना पहिली बोलणार होती. ती उठली, मनगटावरचा मार्तेनित्सा, मार्चच्या सुरुवातीला शुभ म्हणून बांधतात तो लाल-पांढरा दोरा, एकदा फिरवला आणि सुरुवात करणार तोच मागचं दार उघडलं. स्तोइल डबा छातीशी धरून आत आला आणि शेवटच्या बाकावर बसला. तिच्याकडे बघून त्याने मूठ आवळून दाखवली.

“आमच्या संघाचं म्हणणं असं,” रुमेना म्हणाली, “की या शाळा बंद करायला हव्यात.”

मूठ तशीच राहिली, मग हळूहळू खाली गेली.

पहिलं वाक्य गेल्यावर तिचा आवाज स्थिर झाला. सकाळसारखं तिने काही रंगवून सांगितलं नाही. ती म्हणाली, शहरात रोज बसने जाता-येता येतं, आणि मुलाला शिक्षक लागतो तशी मुलंही लागतात. एकट्याने चेंडू भिंतीवर मारता येतो, पण भिंत कधी हरत नाही आणि कधी चिडतही नाही. ती म्हणाली, “अशा शाळेतून शहरात आलेली एक मुलगी मला माहीत आहे. पाचवीत आल्यावर उत्तर देण्याआधी हात वर करायचा असतो, हे तिला माहीत नव्हतं. तिला कधी करावाच लागला नव्हता. सगळे हसले. ती हसण्याला घाबरली नाही. एवढी मुलं एकदम हसू शकतात हेच तिला नवीन होतं.”

मग प्रश्न विचारायची पाळी बुर्गासच्या दामियानची. उंच, काटकुळा, कोट बापाचा घातल्यासारखा. त्याने कुठूनतरी माहिती काढली होती.

“ती मुलगी म्हणजे तूच ना?”

“हो.”

“मग त्या शाळेने तुझं काय वाईट केलं? तू तर इथे उभी राहून आम्हाला धुतेयस!”

खोलीत हशा पिकला. रुमेनाही हसली.

“आमचे सर चांगले होते,” ती म्हणाली. “शेवटची दोन वर्षं मी त्यांच्याशीच वाद घातला, कारण माझ्या वर्गात दुसरं कुणी नव्हतंच. ते दर वेळी जिंकायचे. कधीकधी मुद्दाम हरायचे, ते मला कळायचं. पण एका माणसाने वर्गही व्हायचं, मित्रही व्हायचं आणि शत्रूही व्हायचं, हे त्या माणसाकडून फार मागणं झालं. आणि मुलाकडूनही.”

 मागच्या बाकावर स्तोइल डब्याच्या टॉवेलची गाठ सोडत होता आणि पुन्हा बांधत होता.

ही फेरी ते जिंकले. अंतिम फेरीत जायला एवढं पुरेसं नव्हतं, पण परीक्षकांनी रुमेनाचं नाव घेऊन कौतुक केलं. बाहेर व्हरांड्यात स्तोइलने डबा उघडला आणि सगळ्यांना किसलेल्या बटाट्याच्या त्या पतात्निकचे जाड तुकडे वाटले.

“काका, हे केलं कुणी?” कालोयानने तोंड भरलेलं असतानाच विचारलं.

“मी. तू शेवटी बोललास ते झकास होतं हं.” संघातली तिसरी, एवेलिना, तिचंही त्याने कौतुक केलं, दामियानलाही बोलावून एक तुकडा दिला. रुमेनाच्या हातात तुकडा ठेवला तेव्हा मात्र त्याने तिच्याकडे पाहिलं नाही.

परत जाताना ती त्याच्याच गाडीतून निघाली. आसेनोव्हग्राड मागे पडलं. वाटेतल्या झऱ्यापाशी स्तोइलने नेहमीप्रमाणे गाडी थांबवली, बाटल्या काढल्या आणि धारेखाली धरल्या. रुमेना शेजारी झाकणं घेऊन उभी राहिली.

“मित्को गेला तेव्हा तू रडली नव्हतीस,” तो म्हणाला.

“रडले होते. शाळेमागच्या लाकडांच्या पडवीत.”

“मी भिंतीपलीकडे वर्गातच होतो की!”

“म्हणून तर. वर्गात तू सर होतास. सरांकडे रडायला कोण जातं?”

बाटली भरून पाणी वाहायला लागलं तरी त्याने ती काढली नाही. रुमेनाने त्याच्या हातातून घेऊन झाकण लावलं.

“ती शाळा वाचवायला मी कुणाकुणाशी बोललो,” स्तोइल म्हणाला. “महापौरांशी बोललो, राजधानीत सोफियाला जाऊन बोललो. तुला काही विचारावं हे डोक्यातच आलं नाही.”

“विचारलं असतंस तर मी म्हणाले असते, बंद करू नका.”

“का गं? भिंतीशी खेळायला?”

“तू खूश असायचास तिथे. सकाळी चूल पेटवताना गायचास. बेसूर, पण गायचास.”

“बेसूर?” स्तोइल दुखावल्यासारखा म्हणाला. “हेही सांगायचं होतंस त्या परीक्षकांना.”

“वेळ संपला.”

तो हसला आणि रुमालाने हात पुसले. गाडीत बसल्यावर किल्ली फिरवता फिरवता म्हणाला, “पण एक सांगू? बसचा मुद्दा तुझा लंगडा होता. रोज दोन तास बसमध्ये काढलेलं पोर मित्र कधी जोडणार?”

“बसमध्येच जोडेल! बसमध्ये मुलं असतात.”

“बसमध्ये मुलं ओकतात.”

“शी, बाबा!”

“माझ्या गावात शाळा गेल्यावर तीन घरं उठून गेली. त्याचं काय उत्तर आहे तुझ्याकडे?”

त्याचं उत्तर तिच्याकडे खरंच नव्हतं. तिने तसं सांगितलं. मग आपलं आपण शोधत राहिली आणि चेपेलारेपर्यंत तिने एक अर्धवट उत्तर तयार केलं. ते स्तोइलने घाटाच्या दोन वळणांत मोडून काढलं. मुद्दाम हरला नाही. तिला ते बरं वाटलं.

पुढच्या आठवड्यात सरावाच्या तासाला एवेलिना तापाने घरी होती. दोब्रेवा बाईंनी शिक्षकांच्या खोलीतून स्तोइलला ओढून आणलं. “विषय तोच आहे, एक माणूस कमी आहे. चला, चिठ्ठी उचला.”

त्याने चिठ्ठी उचलली, वाचली आणि बाईंकडे बघितलं. “बदलता येईल का?”

“नाही,” रुमेना आणि कालोयान एकदमच ओरडले.

चिठ्ठीवर ‘बंद कराव्यात’ असं होतं.

स्तोइल उभा राहिला. वर्गात रोज उभा राहणारा माणूस, पण हात कुठे ठेवावेत ते त्याला कळेना. पहिलं मिनिटभर तो अडखळत बोलला, जणू कुणीतरी दुसऱ्याचं लिहिलेलं वाचतोय. मग म्हणाला, “मी एका शिक्षकाला ओळखतो. त्याला वाटायचं, आपण पोराला सगळं देतोय...” आणि थांबला. पाणी प्यायला.  पुन्हा सुरुवात केली तेव्हा त्याचा आवाज खाली आला होता, आणि आता तो खरंच बोलत होता. एकेक मुद्दा सावकाश मांडत होता, रुमेनाला सुचलेले आणि न सुचलेलेही. समोर बसलेली रुमेना भराभर विचार करत होती. शाळेच्या बाजूने उत्तर तिला द्यायचं होतं, आणि या खेपेला नुसत्या चुलीच्या धुराने भागणार नव्हतं. विचारलेल्या प्रत्येक गोष्टीला उत्तर द्यावं लागणार होतं.

कालोयानच्या हातात घड्याळ होतं. त्याने बाकावर टकटक केलं. थोड्या वेळाने पुन्हा केलं, जरा जोरात.

“सर, वेळ संपला.”

“एकच मुद्दा राहिलाय,” स्तोइल म्हणाला.

“सर, खाली बसा!” दोब्रेवा बाई ओरडल्या, आणि रुमेना उत्तर द्यायला उठून उभी राहिली तरी तो बोलतच होता.