गिलाव्याआडचा डबा

मी डबा बोलतोय. जेवणाचा नव्हे हो! विजेच्या तारांसाठी भिंतीत बसवतात ना, तो पत्र्याचा डबा. माझ्या तोंडावर बटणं यायची होती, पण आमचं नशीबच फुटकं!

या घराचे मालक स्वतः वायरमन. दुकानदार प्लास्टिकचा डबा पुढं करत होता. मालक म्हणाले, "नको, विटेची भिंत आहे. ठोकताना पिचकेल. हा पत्र्याचा खोलगट द्या." स्वतःच्या घरासाठी मला निवडलं, म्हणून मी भलताच फुशारलो होतो.

त्यांनी छिन्नीनं वीट फोडून मला सिमेंटात बसवलं, तारा आत ओढल्या. गिलाव्याचा माल आत शिरू नये म्हणून हाताला लागला तो चौकटीचा शर्ट फाडला आणि त्याची बाही माझ्या पोटात कोंबली. पण मी जरा जास्तच आत बसलो होतो. गवंड्यानं गिलावा केला तो थेट माझ्या तोंडावरून. मी जिवंतपणी पुरला गेलो.

"अहो, पलंगाजवळ माझा वाचायचा दिवा होणार होता ना?" बाईंनी विचारलं.

"उद्या फोडतो गं. वाजवून बघ, इथं पोकळ वाजतं. पण पोकळ वाजेल तिथं खिळा ठोकू नकोस हं, आत तारा चालू आहेत."

"आणि तुमचा चौकटीचा शर्ट कुठाय?"

"वाऱ्यानं नेला असेल!"

उद्या उद्या करता करता एका दुपारी ते कामावर गेले, ते परत आलेच नाहीत. बाईंचं रडणं मला गिलाव्यातून ऐकू यायचं. मला तर कान झाकायलाही हात नव्हते.

पुढं नणंदेनं त्यांचा फोटो मोठा करून आणला. "वहिनी, पलंगाजवळच लावू," म्हणत तिनं खिळा धरला, तो नेमका माझ्या तोंडावर! अगं बाई, नको, मरशील! मी आतून जिवाच्या आकांतानं ओरडत होतो. पण पत्र्याला कुठली वाचा?

पहिला घाव बसला. ढब्ब!

"वन्सं, थांबा!" बाई ओरडल्या. "पोकळ वाजलं. हे म्हणाले होते... खिळा ठोकू नकोस."

त्यांनी धावत जाऊन मेन बंद केला आणि स्वतःच गिलावा खरवडला. आतून बाही निघाली. त्यांनी ती नाकाशी धरली. नुसता सिमेंटचा वास.

"वारा म्हणे! खोटारडे कुठले," बाई म्हणाल्या.

नवा वायरमन आला, त्यानं तारा काढल्या. "ताई, भोक बुजवून टाकू?"

"नको. नुसतं झाकण लावा."

तेव्हापासून दिवेलागणीला बाई झाकणावर टकटक करतात. "आहात ना?"

मी रिकामा डबा. ढब्ब वाजतो, दुसरं काय करणार? तेवढ्यानं त्यांना धीर येतो. कधीतरी वाजलोच नाही तर, या भीतीनं माझा पत्रा गारठतो.

तुम्ही कधी या घरी आलात, तर एवढंच करा. आत कुणी नाही, हे बाईंना सांगू नका.