बेडवर माणूस हवा

सुलक्षणानं ओढणी हाताला गुंडाळून कडी काढली, तरी चटका बसलाच. दार उघडलं तशी आतली धग तोंडावर आली. सणसवाडीतल्या त्या दोन खोल्या सकाळपासून बंद होत्या. आत मोठाले हिटर लावून ढेकूण मारणं चाललं होतं. आता हिटर जिन्यावरून खाली गेले होते आणि मशीनवाला रुमालानं मान पुसत उंबऱ्यात उभा होता.

"पंखे लावा, खिडक्या उघडा. मेलेले झाडून घ्या. एखादा जिता दिसला तरी घाबरू नका, निघतो कवातरी. पन वहिनी, झोपायचं बेडवरच. दुसरीकडं न्हाई."

"का?"

"माणूस हलला की ढेकूण त्याला हुडकत घरभर हिंडतो. माणूस बेडवरच हवा. म्हंजी वाचलेला तिथंच येतो आन् सापडतो."

"म्हंजी गळाला लावायचं आम्हाला," ती म्हणाली.

मशीनवाला हसला. तिचा नवरा ईश्वरही हसला.

ईश्वर रांजणगावच्या कंपनीत होता. ढेकूण त्यालाही चावत असणार, पण त्याच्या अंगावर खूण उठत नसे. हिच्या मानेवर, दंडावर लाल गांध्या. म्हणून गेले काही महिने ती स्वयंपाकघरात गोधडी टाकत होती. त्या फरशीवर, लग्नानंतर पहिल्यांदाच, ती अंग न चोरता झोपली. ईश्वर मारत नव्हता, पीत नव्हता. फक्त रात्री जवळ ओढताना कधी विचारत नव्हता. यवतला माहेरी आईपाशी तिनं एकदा चाचपडत सांगून पाहिलं. आई म्हणाली, "एवढंच ना?" ढेकणांचं कारण मात्र सगळ्यांना लगेच पटलं. इतकं, की या दिवाळीला वहिनीनं फोनवर सांगितलं, ताई, सगळं मिटल्यावरच या.

ती आत आली. आरशावर चिकटवलेल्या टिकल्या घसरून खाली आल्या होत्या. प्लास्टिकची चाळणी एका बाजूला वाकली होती. गादीच्या शिवणीत मेलेले ढेकूण मसुरीसारखे पडले होते. ईश्वरनं स्वयंपाकघरातली गोधडी उचलून आणली आणि बेडवर टाकली.

"सुटलीस बघ फरशीवरनं," तो म्हणाला. "तुझ्यासाठीच केलं एवढं."

ओटाही तापलेला होता. तो बाहेरून खायला आणायला गेला.

त्याची पावलं जिन्यावर विरली तशी तिनं मोबाईलची बॅटरी लावली. गादी उलटी केली, शिवणी चाचपल्या, फळ्यांच्या सांध्यात डोकावून पाहिलं. ढेकूण सापडावा म्हणून एवढा जीव कुणी टाकला नसेल. एकही हलला नाही. मशीनवाल्यानं काम चोख केलं होतं, मेल्यानं.

ती बेडच्या कडेवर बसली. ओढणीची पिन काढली. दंडावर एका रेषेत तीनदा टोचली आणि लाल होईस्तोवर नखानं घासलं.

ईश्वर पुडकं घेऊन आला तेव्हा तिनं दंड पुढं केला.

"चावला."

त्यानं हात धरून उजेडाकडं वळवला. बराच वेळ पाहिलं.

"खाज हाय?"

"व्हय."

म्हटल्यावर तिच्या ध्यानात आलं, आणि तिनं खाजवायला सुरुवात केली. ईश्वर नखांकडं बघत राहिला.

"चावला की तू आधी खाजवतीस," तो हळू म्हणाला. "सांगतीस मागनं."

तिनं हात थांबवला. पुडक्याचा कागद तेलानं भिजत चालला होता. त्यानं ते सोडलं, भजी दोघांपुढं ठेवली. कुणी फारसं खाल्लं नाही. मग तो उठला आणि बेडवरची गोधडी काखेत मारली.

"बेडवर माणूस पायजे म्हणला ना त्यो. तू हितं झोप. मी आत पडतो."

"फरशी तापलीय."

"असूंदे."

ती गादीवर आडवी झाली. अख्खा बेड मोकळा होता, तरी ती भिंतीला चिकटूनच होती. तिनं पाय सरळ केले. आत ईश्वरनं कूस बदलली, भांडं वाजलं, आणि तिनं पाय पुन्हा पोटाशी घेतले.

थोड्या वेळानं दंडाला खरोखरच खाज सुटली. खाजवल्याचा आवाज आत जाईल म्हणून ती तशीच पडून राहिली.