कारखान्यातल्या माणसांच्या गाड्या

परदेशी गाडीची किंमत हळूहळू उतरते, आपल्या देशी गाडीची धाडकन. असं का, म्हणून रोज कुणीतरी माझं डोकं खातं. मी जुन्या गाड्यांचा दलाल, मला विचारा. परदेशी गाडी बनवणारे लांब राहतात. देशी गाडी बनवणारे आपल्याच गल्लीत राहतात, आणि ते स्वतः काय चालवतात हे सगळ्यांना दिसतं.

या आठवड्यात गाड्यांच्या कारखान्यातले कामगार एकामागोमाग माझ्याकडे गाडी विकायला आले. सगळ्यांची तीच नवी गाडी, कंपनीनं सवलतीत दिलेली. घासाघीस कुणीच केली नाही. मी मनातून खूश होतो.

आज माझा मेहुणा आला. तो त्याच कारखान्यात ब्रेक तपासतो. टेबलावर चावी ठेवून तो खाली मान घालून उभा राहिला.

"अरे, नवीकोरी गाडी! विकतोस कशाला?"

"भावजी, विचारू नका. द्याल ते द्या."

"तोंड उघड की! तुझ्याच शब्दावर मी पोरीला हीच गाडी घेऊन दिली."

त्याचा चेहरा पांढराफटक पडला.

"कुठे आहे ती आत्ता?"

"सकाळीच निघाली, मुलांना घेऊन. एव्हाना घाट उतरत असेल."